मी काढलेला भाकरीचा चेहरा सगळ्या ग्रुपांत फिरतोय, असं नेमकं कशामुळं होतं?

भाकरी_आणि_ब्रश

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची, दिवसा लग्नपत्रिका आणि बॅनरची डिझाइनं करते आणि रात्री टॅबवर चित्रं काढते. मागच्या गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी व्हॉट्सॲपसाठी २४ स्टिकरचा एक पॅक केला, सगळे कडक भाकरीचे चेहरे. त्यातल्या २३ वर आपले सोलापुरी शब्द होते, हाय की बे, काय करायलास बे, चटणी वाढ, असे, आणि एकेक अक्षर मी हातानं काढलं होतं, एका एका स्टिकरला दोन-दोन रात्री गेल्यात. २४ वा मात्र दहा मिनिटांत झाला. गोल भाकरी, उजवीकडं वरचा तुकडा मोडलेला, दोन्ही डोळ्यांची बुबुळं डाव्या कोपऱ्यात सरकलेली आणि तोंड म्हणजे फक्त एक आडवी रेघ. शब्द नाही, काही नाही.

आणि फिरला तो हाच! आमच्या कॉलनीचा एक पाण्याचा ग्रुप आहे, पाणी चार-पाच दिवसांआड येतं त्यामुळं पाण्याच्या दिवशी तिथं रात्रभर एकच प्रश्न असतो, सुटलं का. एका काकूंनी रात्री दीड वाजता त्या प्रश्नाखाली काहीही न लिहिता हा चेहरा टाकला, आणि त्याखाली अजून अकरा जणांनी तोच टाकला. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या कॉलनीत "सुटलं का भाकरी" झाला. मग कुणी निकाल लागला का म्हणून टाकला, कुणी एसटी आली का म्हणून, तीन आठवड्यांनी माझ्या पुण्याच्या मावसबहिणीनं मलाच पाठवला, हे बघ तुमच्या सोलापूरचं काहीतरी आलंय म्हणून. तिला माहीतच नव्हतं मी काढलाय, कारण पॅक सोडून कुणीतरी स्क्रीनशॉटवरून परत कापून बनवलेला होता.

आनंद लई झाला, खोटं कशाला बोलू. पण दोन गोष्टी मनाला लागल्यात. एक म्हणजे एका ऑनलाइन विक्रेत्यानं तो चेहरा कपावर छापून विकायला काढलाय, मला विचारलं नाही. दुसरी जास्त लागली, एका शाळेच्या मुलांच्या ग्रुपात एका मुलीचा पुढचा दात तुटलाय म्हणून तिला दिवसभर हाच चेहरा पाठवून पाठवून रडवलं. तिच्या आईनं मला शोधून काढून मेसेज केला, रागानं नाही, नुसतं सांगितलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हणून विचारतेय. २३ मेहनतीची सोडून लोकांनी हाच का उचलला? माणसानं काढलेला एखादा इमोजी असा मीम कसा होतो, आणि झाल्यावर काढणाऱ्याच्या हातात काय उरतं?

जकार्डवाला

पोरी, तुझी भाकरी माझ्या सुनेनं दाखवली होती, तू काढलीस हे आज कळालं. मी तीस वर्षं चादरीची डिझाइनं काढतोय, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, कॉम्प्युटर यायच्या आधीपासून, तेव्हा ग्राफ पेपरवर एकेक चौकट रंगवायची आणि त्यावरून पंच कार्ड पाडायचं, म्हणजे मागाला नक्षी सांगणारं भोकांचं कार्ड. त्या अनुभवानं सांगतो, लोकांचं काही चुकलेलं नाही, २४ वाच बरोबर उतरलाय.

आमच्या कामात गोल असं काही नसतंच, ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, एकमेकांना काटकोनात जातात त्यामुळं गोल म्हणजे बारीक बारीक पायऱ्या. मोराची मान वळवताना एक चौकट इकडची तिकडं झाली की बदक होतं. म्हणून पहिल्या दोन वर्षांत उस्तादांनी मला काढायला नाही, गाळायला शिकवलं. पिसाचा कुठला डोळा ठेवायचा, कुठला सोडायचा, आणि चादर दोरीवर वाळत घातलेली रस्त्याच्या पलीकडनं बघितली तर मोर दिसतो का, हीच परीक्षा. तुझे बाकीचे स्टिकर मी आता बसून बघितले. भाजल्याचे डाग, पापण्या, अक्षरांना सावली, हात चांगला आहे तुझा यात वाद नाही, पण फोनवर ते नखाएवढं झालं की सगळ्याचा लगदा होतो. २४ व्यात मी मोजलं, एक कडा, एक मोड, दोन ठिपके, एक रेघ. पाचच गोष्टी आहेत, आणि पाचही लांबून दिसतात.

जपानमध्ये शिगेताका कुरिता म्हणून एकानं १९९९ साली डोकोमो कंपनीच्या मोबाइल सेवेसाठी १७६ चित्रं केली होती, आजच्या इमोजींची वंशावळ त्यांच्यापर्यंत जाते. प्रत्येक चित्राला जागा किती, तर १२ बाय १२, म्हणजे १४४ चौकटी. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयानं २०१६ मध्ये तो सगळा संच घेतला. मी ती चित्रं मोठी करून बघितलीयत, आमच्या ग्राफवरच्या कामाची आठवण होते अगदी, कुठं थांबायचं हे त्या माणसाला कळालं होतं.

पिंग_हाय_४२०

ताई, काकांनी चित्राचं सांगितलं, मी ते पसरतं कसं ते सांगतो कारण मी दोन वर्षं डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर एका गेमिंग ग्रुपाचा (तिथं त्याला सर्व्हर म्हणतात) मॉडरेटर आहे आणि आमच्याकडं कस्टम इमोजी कुठला चालतो कुठला मरतो हे रोज डोळ्यासमोर होतं. तिथं तर फाइल २५६ केबीच्या आत पाहिजे आणि दिसायला मेसेजच्या अक्षराएवढाच, त्यामुळं काकांचं म्हणणं शंभर टक्के.

पण माझ्या मते तुमच्या भाकरीत दोन गोष्टी अजून आहेत. एक, शब्द नाही. आपल्या गावात बघा की, एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत तेलुगू, पलीकडं कन्नड आणि दखनी, माझ्या वर्गात चारही घरची पोरं होती. "काय करायलास बे" हा स्टिकर तेलुगू घरातल्या आजीच्या ग्रुपात गेला तर तिथंच थांबतो, पण न बोलणारी भाकरी सगळ्या घरात शिरते, आणि शब्द नसला की अर्थ टाकणाऱ्यानं घालायचा असतो, आज पाणी, उद्या निकाल. तुमच्या २३ स्टिकरचा अर्थ तुम्हीच ठरवून टाकला होता, लोकांना त्यात करायला काही उरलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट मी आत्ता फोन उघडून बघितली. आपण पाठवलेलं उजवीकडं येतं ना, आणि समोरच्याचा मेसेज डावीकडं. तुमच्या भाकरीची बुबुळं डावीकडं. म्हणजे मी टाकली की ती समोरच्याच्या प्रश्नाकडंच बघते! आणि ज्याला मिळते त्याच्या फोनवर ती डाव्या कडेला येते आणि स्क्रीनच्या बाहेर बघत बसते, जसं काही दाराकडं किंवा नळाकडं बघतेय. दोन्हीकडनं अर्थ लागतो. डोळे सरळ असते तर मला नाही वाटत एवढी फिरली असती.

आता पसरायची रीत. सुरुवात कायम एका छोट्या ग्रुपातनं होते जिथं तोच प्रसंग परत परत येतो, तुमच्या पाण्याच्या ग्रुपासारखा. एकदा टाकला तर चित्र, पण त्याच प्रसंगाला विसाव्यांदा टाकला की तो शब्द झाला. मग त्याला नाव पडतं, तुमच्याकडं पडलंच. आणि नाव पडलं की लोक त्याची मोडतोड करायला घेतात, हेल्मेट घाल, बाशिंग बांध. थिंकिंग फेस म्हणजे हनुवटीला हात लावलेला इमोजी घ्या, तो २०१५ च्या युनिकोड ८.० मध्ये (युनिकोड म्हणजे सगळ्या फोनांसाठी अक्षरं आणि इमोजी ठरवणारी यादी) आला, आणि थोड्याच दिवसांत लोकांनी तो वाकवून, ताणून, हातावर हात लावून त्याची "थॉन्क" नावाची एक अख्खी जमात तयार केली. मूळचा साधाच होता, पण मोडायला सोपा होता.

गुगलचे ब्लॉब आठवतात का, अँड्रॉइडवर २०१३ पासून होते ते पिवळे लिबलिबीत गोळे. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ आलं तेव्हा गुगलनं ते काढून सगळ्यांसारखे गोल चेहरे केले. लोक इतके हळहळले की डिस्कॉर्डवर चाहत्यांनी स्वतःच नवीन नवीन ब्लॉब काढायला घेतले, जे गुगलनं कधी काढलेच नव्हते असे, आणि नंतर गुगलनं पण ते स्टिकर म्हणून परत आणले. मला हे लई आवडतं, कारण ते चित्र तोवर कंपनीचं राहिलंच नव्हतं, लोकांच्या हातात रुळलं होतं.

रांगोळी_पेठेतली

मला एक म्हणायचंय, रागावू नकोस. गड्ड्याला नंदीध्वज यायच्या आधी आम्ही बायका पहाटे उठून मार्गावर रांगोळ्या काढतो, त्यावर कुणी नाव घालत नाही, आणि थोड्या वेळात त्यावरनंच मिरवणूक जाते. पुढच्या वर्षी माझीच वेल दुसरी कुणी काढते, मला त्यात आनंदच आहे. तुझी भाकरी तशी लोकांची झाली. आता ती माझी माझी म्हणून मागं धावण्यात जीव जाळू नकोस असं मला मनापासून वाटतं.

भाकरी_आणि_ब्रश

काकू, रागावले नाही. मीपण त्या मार्गावर रांगोळी काढलीय, आईबरोबर. पण रांगोळीवरनं नंदीध्वज जातो ना, तिला कुणी कपावर छापून विकत नाही, आणि कुणाच्या लेकराला रडवायला वापरत नाही. लोकांनी टाकावी, मोडावी, हेल्मेट घालावं, त्याचं मला काहीच नाही, उलट ती हेल्मेटवाली मी स्वतः सेव्ह केलीय. फक्त या दोन गोष्टींचं काय करायचं ते कळंना झालंय.

आणि डोळ्यांचं ते मला स्वतःला माहीत नव्हतं. मी ती बुबुळं डावीकडं ठेवली कारण उजवीकडं तुकडा मोडलेला आणि त्या बाजूला फार गर्दी झाली असती, एवढंच कारण.

कागदपत्र_मावशी

मी कोर्टकचेरीच्या कामातली आहे, म्हणून आधी कपाचं बोलते. चित्र तू काढलंस त्या क्षणी कॉपीराइट तुझा झाला, भारतात त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, १९५७ चा कायदा आहे, आणि तो हक्क तुझ्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. नोंदणी केलीस तर पुराव्याला बरं पडतं. आज रात्रीच एक काम कर, त्या चित्राची लेयरवाली मूळ फाइल, बनवल्याची तारीख आणि पॅक पहिल्यांदा टाकल्याचा पुरावा एका जागी ठेव, आणि ज्या साइटवर कप विकायलेत तिथं तक्रारीचा रस्ता असतो तिथं हे सगळं जोडून लिही. त्याच कायद्यात कलम ५७ आहे, हक्क विकला तरी हे माझं काम आहे असं सांगायचा अधिकार काढणाऱ्याकडं राहतो, आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड कुणी केली तर त्यालाही हरकत घेता येते.

तीन तऱ्हेची माणसं होऊन गेलीत या वाटेवर. तो पिवळा हसरा चेहरा १९६३ मध्ये अमेरिकेत हार्वी बॉल यांनी एका विमा कंपनीसाठी काढला, त्यांना ४५ डॉलर मिळाले आणि त्यांनी ट्रेडमार्क वगैरे काहीच केलं नाही, चेहरा जगभर गेला. ट्रोलफेस हा दात विचकलेला चेहरा कार्लोस रामिरेझ या पोरानं २००८ मध्ये पेंटमध्ये काढला, पण २०१० मध्ये त्यानं कॉपीराइट नोंदवला, आणि लोकांना टाकू दिलं पण जे विकायला गेले त्यांच्याकडनं पैसे घेतले, पाच वर्षांत लाखभर डॉलरच्या पुढं. मला ही रेघ पटते, गप्पांत वापरणारा वेगळा आणि विकणारा वेगळा.

तिसरा मॅट फ्युरी, आणि तुझ्या त्या मुलीच्या प्रश्नाला हाच जवळचा आहे. त्याचा पेपे बेडूक हा कॉमिकमधला साधा आळशी, मजेत राहणारा बेडूक होता, २००५ चा. २००८ च्या सुमारास तो फोरमवर गेला, लोकांनी त्याला रडका केला, चिडका केला, आणि पुढं द्वेष पसरवणाऱ्या टोळ्यांनी तो उचलला, इतका की २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अँटी डिफेमेशन लीगनं त्याला द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत घातलं. काढणाऱ्याचा काही दोष नसताना. त्यानं २०१७ मध्ये कॉमिकमध्ये पेपेला मारून टाकला, तरी बेडूक काही मेला नाही. मग त्यानं वकील लावले, पोस्टरवर पेपे छापणाऱ्या एका साइटबरोबर २०१९ मध्ये १५,००० डॉलरवर तडजोड झाली. आणि त्याच वर्षी हाँगकाँगच्या आंदोलनातली पोरं तोच बेडूक आशेचं चिन्ह म्हणून भिंतीवर काढत होती! तिथल्या लोकांना अमेरिकेतला अर्थ ठाऊकच नव्हता किंवा त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

यातनं मी एवढंच घेते पोरी, की चित्र मारून टाकता येत नाही, पण त्याला दुसरा अर्थ देता येतो, आणि तो जितक्या लवकर देशील तितका बरा. सध्या तुझी भाकरी सोलापूर आणि थोडी पुण्यात आहे, अजून हाताला लागते.

पिंग_हाय_४२०

मावशींना प्लस वन. आणि तो दुसरा अर्थ शब्दात सांगू नका, "चिडवू नका" असा स्टिकर काढलात तर कुणी टाकणार नाही, पोरं तर अजिबातच नाही. तीच भाकरी, तेच डोळे, पण काहीतरी करताना दाखवा जे टाकावंसं वाटेल. व्हॉट्सॲपच्या एका पॅकमध्ये ३० बसतात, तुमच्याकडं सहा जागा हायत अजून.

एक विचारायचं होतं, खरोखरच्या इमोजीसाठी युनिकोडकडं अर्ज का करत नाही? साडी, पणती, रिक्षा २०१९ ला आलेच की.

कागदपत्र_मावशी

तिथं अर्ज कुणीही करू शकतं, पण मंजूर झालं तरी तिथं फक्त एक नंबर आणि नाव ठरतं, चित्र ॲपल आपलं काढणार, गुगल आपलं, सॅमसंग आपलं. तिचा मोडका तुकडा आणि डावीकडचे डोळे त्यात येणार नाहीत. शिवाय २०२० मध्ये फ्लॅटब्रेड म्हणून एक आलाच आहे, भाकरीच्या जागी आपण तोच टाकतो. हिचं जे आहे ते भाकरी नाहीच मुळी, ते वाट बघणं आहे, आणि ते हिच्या रेषेत आहे.

जकार्डवाला

मावशी बरोबर बोलल्या. पोरी, माझी एक मागणी आहे, नाही म्हणालीस तरी चालेल. मला ही भाकरी मागावर घ्यायचीय, विकायला नाही, दोनच नग, एक तुला एक माझ्या नातवाला. ग्राफ मी काल रात्री मांडून बघितला, तोंडाची रेघ सहा चौकटींची ठेवली तर चेहरा खुश दिसतो, चार ठेवली की बरोबर तुझी भाकरी येते. कड्याचं जमलं. फक्त आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरायची असते, आणि उलट्या बाजूला रंग अदलाबदल होतात, पांढऱ्याचा काळा आणि काळ्याचा पांढरा, शिवाय चित्र आरशातल्यासारखं फिरतं. म्हणजे एका बाजूला डोळे डावीकडं आणि उलटवली की उजवीकडं. चालेल का बघ.

कागदपत्र_मावशी

दोन नगांना काही अडचण नाही. पुढं कधी ५० च्या वर विणायचं ठरलं तर आधी मला विचारा, यंत्रावर इतक्या प्रती निघाल्या की कॉपीराइट कायद्याचं कलम १५ आडवं येऊ शकतं, म्हणजे त्या डिझाइनवरचा कॉपीराइट जाऊ शकतो, तेव्हा डिझाइन्स ॲक्ट, २००० खालच्या नोंदणीचा विचार आधी करायला लागतो.

भाकरी_आणि_ब्रश

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस लिहायला जमलं नाही कारण हेच करत होते.

कपाची तक्रार टाकली, फाइल, तारखा सगळं जोडून, मावशींनी सांगितलं तसं. अजून उत्तर नाही.

त्या मुलीच्या आईला फोन केला आणि विचारलं, तुमच्या लेकीशी बोलू का. ती पाचवीत आहे. आधी काही बोललीच नाही. मग मी विचारलं, भाकरीचा तो मोडलेला तुकडा गेला कुठं असेल गं? तर पटकन म्हणाली, कुठं म्हणजे, चटणी लावून खाल्ला असणार की! मला हे सुचलंच नसतं. कडक भाकरी हातानं मोडूनच खातात, मोडली नाही तर खाणार कशी.

म्हणून २५ वा स्टिकर तिच्या सांगण्यावरून काढलाय. तीच भाकरी, तोच मोड, तोंडाच्या रेघेच्या जागी फुगलेला गाल, आणि खाली कोपऱ्यात शेंगाचटणीचा एक छोटा ढीग, त्यात बोट फिरवल्याची खूण. पापण्या नाहीत, सावली नाही, काका. शब्द पण नाही. तिच्या आईच्या परवानगीनं पहिल्यांदा तिच्याच फोनवर पाठवला, आणि तिनं तो वर्गाच्या ग्रुपात टाकला, काल संध्याकाळी. चार जणांनी तोच परत टाकला म्हणे. आमच्या पाण्याच्या ग्रुपात पण टाकलाय, तिथं काकूंनी लगेच नाव ठेवलं, "सुटलं बाई एकदाचं".

जकार्ड काका, जरूर विणा. उलट्या बाजूला डोळे उजवीकडं गेले तर जाऊ देत, पण त्या बाजूला मोड डावीकडं येईल ना, तर तिकडं २५ वी भाकरी विणता येते का ते सांगा, एका अंगाला वाट बघणारी आणि दुसऱ्या अंगाला खाणारी.

जकार्डवाला

एकाच विणीत दोन अंगांना दोन वेगळी चित्रं नाही जमत पोरी, एक ताणा खाली गेला की दुसरा वर येणारच. पण एकाच अंगाला दोन्ही शेजारी शेजारी बसतात, पदराच्या दोन टोकांना. २५ वीची फाइल पाठव, चटणीच्या ढिगाला मी सात चौकटी धरतोय, बोटाच्या खुणेला एक.